अमिगा ५००: माऊसचं मधलं बटण प्रोग्राममधून ओळखायचं कसं?

टाकबोरू | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार. दोन महिने एकाच जागी अडलोय, म्हणून सगळं नीट मांडतो.

मी ब्राउनश्वाइगला राहतो. अमिगा हा जुना घरगुती संगणक बनवणाऱ्या कमोडोर कंपनीचा जर्मनीतला कारखाना याच गावात होता, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात अजूनही अधूनमधून अमिगा दिसतो. गेल्या वर्षी मला अमिगा ५०० मिळाला. मूळची ५१२ केबी मेमरी, पोटातल्या कप्प्यात आणखी ५१२ केबी, आणि किकस्टार्ट १.३, म्हणजे रॉममधली सिस्टिम. माऊस सोबत नव्हता. तो वेगळा घेतला, आणि मिळाला तो तीन बटणांचा.

या मशीनवर मी देवनागरी अक्षरांचा बिटमॅप संपादक लिहितोय, ६८००० या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत. अक्षर मोठ्या चौकटीत दिसतं. डाव्या बटणानं ठिपका भरायचा, उजव्या बटणानं पुसायचा. जोडाक्षरं आणि वेलांट्या चौकटीबाहेर जातात, तेव्हा चित्र सरकवायला मधलं बटण वापरायचं असं ठरवलं. एकदा हात बसला की हे तीन बटणांचं काम फार सुखाचं होतं.

डावं बटण बीएफई००१ या पत्त्यावरच्या (सगळे पत्ते सोळाच्या पायात) सहाव्या बिटात व्यवस्थित मिळतं. उजवं डीएफएफ०१६ च्या दहाव्या बिटात मिळतं. मधलं त्याच पत्त्याच्या आठव्या बिटात असायला हवं, पण तो बिट मनाला येईल तसा वागतो. कधी बटण न दाबता ० येतो, कधी दाबून सोडल्यावर बराच वेळ ० राहतो, मग आपोआप १ होतो. माऊस खराब आहे की माझं चुकतंय?

---

कंदील | शनिवार, रात्री ११.०२

आधी माऊस खराब नाही याची खात्री करून घ्या. मल्टिमीटर कंटिन्यूटीवर लावा, एक टोक प्लगच्या पाचव्या पिनवर, दुसरं आठव्यावर. आठवी पिन म्हणजे ग्राउंड. मधलं बटण दाबल्यावर बीप वाजला तर तार आणि स्विच दोन्ही ठीक. अमिगाबरोबर आलेल्या दोन बटणांच्या माऊसच्या केबलमध्ये पाचवी तार बऱ्याचदा नसतेच.

तोवर एक समजून घ्या. या सॉकेटमध्ये तीन बटणं असली तरी ती एका वाटेनं आत जात नाहीत. डावं बटण सहाव्या पिनवर, ते थेट सीआयए या इनपुट-आउटपुटच्या चिपकडे जातं आणि तिथे साधं ० किंवा १ मिळतं. उजवं नवव्या पिनवर आणि मधलं पाचव्या पिनवर. या दोन्ही पिना मुळात पॅडलसाठी आहेत, म्हणजे फिरवायच्या गोल नॉबसाठी. त्या पॉला चिपकडे जातात आणि प्रत्येकीवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. पॅडलचा रोध किती आहे ते हा कपॅसिटर भरायला लागणाऱ्या वेळावरून कळतं. तुम्ही त्याच पिनेचा बटणासाठी उपयोग करताय.

डीएफएफ०३४ या पत्त्यावर, म्हणजे पॉटगो नावाच्या रजिस्टरमध्ये, तुम्ही काय लिहिता ते सांगा. माझा संशय तिथेच आहे.

---

टाकबोरू | रविवार, सकाळी ८.३०

बीप वाजला, म्हणजे माऊस निर्दोष आहे.

पॉटगोमध्ये मी प्रोग्रामच्या सुरुवातीला ०सी०० लिहितो, मग दर फेरीला डीएफएफ०१६ वाचतो. हा आकडा उजव्या बटणाच्या एका जुन्या उदाहरणातून घेतला होता. उजवं बटण चाललं, म्हणून त्याला पुन्हा हात लावला नाही.

---

कंदील | रविवार, सकाळी ९.१०

सापडलं.

पॉटगोच्या वरच्या आठ बिटांच्या चार जोड्या आहेत, प्रत्येक पिनेला एक जोडी. जोडीतला वरचा बिट म्हणतो की ही पिन आउटपुट करा, खालचा सांगतो की तिच्यावर काय पातळी ठेवायची. बटण वाचायचं तर पिन आउटपुट करून वरच्या पातळीवर ठेवायची. कोणी बटण दाबलं की ती ग्राउंडला जोडली जाते आणि वाचताना ० येतो.

०सी०० म्हणजे बिट ११ आणि १०. ही जोडी डाव्या पोर्टच्या नवव्या पिनेची, म्हणजे तुमच्या उजव्या बटणाची. पाचव्या पिनेची जोडी ९ आणि ८, आणि ती तुम्ही शून्य ठेवलीत. त्यामुळे त्या पिनेला वर धरून ठेवणारं कोणीच नाही. कपॅसिटरवर जो काही भार उरला असेल त्यावर ती तरंगते. बटण दाबलं की भार जातो, सोडल्यावर तो परत भरायला कोणी नसतं, म्हणून तुम्हाला ‘बराच वेळ ०’ दिसतो.

०एफ०० लिहिलंत तर माऊसच्या दोन्ही पिना सांभाळल्या जातील. पण मी एफएफ०० लिहायला सांगेन. दुसऱ्या पोर्टवर कोणी दोन बटणांची जॉयस्टिक लावली तर तिचं दुसरं बटणही नवव्या पिनेवरच येतं, बिट १४ मध्ये. चारही जोड्या वर ठेवल्या की त्या बाजूलाही असाच गोंधळ होणार नाही.

आणखी एक. लिहिल्याबरोबर पुढच्याच ओळीत वाचू नका. कपॅसिटर भरून पातळी बदलायला ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत लागू शकतात. तुमच्या पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनचा प्रोसेसर ७.०९ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे या वेळात त्याची २१०० च्या वर आवर्तनं होतात. त्याआधी वाचलेला आकडा जुनाच असतो.

---

शेवंती_नागपूर | रविवार, सकाळी १०.४५

मी अमिगा कधी पाहिला नाही, पण हे वाचताना आमचा डॉसचा काळ आठवला. तिथे ३३ (सोळाच्या पायात) क्रमांकाच्या इंटरप्टला शून्य क्रमांकाचं काम सांगितलं की ड्रायव्हर प्रोसेसरच्या बीएक्स रजिस्टरमध्ये बटणांची संख्या देतो. तीन क्रमांकाच्या कामात बीएक्सचा बिट ० डावं, १ उजवं, २ मधलं. सोपं वाटतं, पण खरी मेख केबलमधून येणाऱ्या संदेशात होती.

सिरियल माऊसच्या पोटाशी एक छोटा सरकता स्विच असायचा, एका बाजूला पीसी आणि दुसऱ्या बाजूला एमएस. एमएसवर ठेवला की मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा तीन बाइटांचा संदेश जायचा, आणि त्यात दोनच बटणांना जागा. पीसीवर ठेवला की माऊस सिस्टिम्सच्या पद्धतीचा पाच बाइटांचा, त्यात तिन्ही बटणं. म्हणजे बटण, तार, स्विच सगळं ठीक असूनही मधलं बटण प्रोग्रामपर्यंत पोचायचं नाही, कारण संदेशात त्याच्यासाठी बिटच नव्हता.

---

सागरगोटा | रविवार, दुपारी १.२०

शेवंतीताई, अटारी एसटी या संगणकाची गोष्ट अगदी हीच. तिथे माऊस की-बोर्डच्या वेगळ्या प्रोसेसरला जोडलेला असतो आणि तो मुख्य प्रोसेसरला तीन बाइटांचं पुडकं पाठवतो. पहिल्या बाइटचे खालचे दोन बिट म्हणजे दोन बटणं: बिट ० उजवं, बिट १ डावं. उरलेले सहा बिट ‘हे माऊसचं पुडकं आहे’ एवढं सांगण्यात खर्च झालेले. त्यामुळे या पुडक्यात तिसऱ्या बटणाला जागाच नाही. शिवाय माऊसचं उजवं बटण आणि दुसऱ्या पोर्टच्या जॉयस्टिकचं फायर बटण एकाच तारेवर आहेत. प्रोग्रामला दोन्हींतला फरक कळत नाही.

अमिगात तसं नाही. १९८५ च्या पहिल्या अमिगापासून मधल्या बटणासाठी पिन आहे आणि रजिस्टरात बिट आहे. मशीन विकताना सोबत दोन बटणांचा माऊस दिला गेला, म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तिसऱ्याची चौकशी केली नाही. टाकबोरू ती करताहेत याचा मला मनापासून आनंद आहे.

---

टाकबोरू | रविवार, संध्याकाळी ७.०५

कंदीलदादा, चाललं! एफएफ०० लिहिलं, बिट आठ लगेच शहाणा झाला. दोन महिन्यांचं ओझं एका आकड्यानं उतरलं. फार आभार.

आता दुसरी अडचण. मधलं बटण एकदा दाबलं की प्रोग्रामला दोन-तीनदा दाबल्यासारखं वाटतं. आणि वाट पाहण्यासाठी मी एक रिकामी फेरी टाकली आहे, ती बरोबर आहे का?

---

कंदील | रविवार, रात्री ९.३०

तुम्ही बटण घट्ट फेरीत, सलग वाचताय असं दिसतं. स्विचचे पत्रे एकमेकांवर आदळताना काही मिलिसेकंद थरथरतात. सलग वाचलं की ती प्रत्येक थरथर तुम्हाला नवं दाबणं वाटते. पडदा दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा रेखाटला जातो, त्या उभ्या परतीच्या इंटरप्टमध्ये फक्त एकदा वाचा. मागच्या वेळचा बिट जपून ठेवा, आधी १ आणि आता ० असेल तरच ‘दाबलं’ समजा. माऊसची हालचालही तिथेच वाचा, डीएफएफ००ए मधून. तो मोजणारा काटा प्रत्येक दिशेला आठच बिटांचा आहे. फार वेळ वाचला नाही तर तो पूर्ण फिरून जातो आणि माऊस उलटा पळाल्यासारखं दिसतं.

रिकामी फेरी काढून टाका. ती तुमच्या मशीनवर पुरेशी लांब असेल, पण वेगवान प्रोसेसरचं कार्ड लावलेल्या अमिगावर ती चुटकीसरशी संपेल आणि तुम्ही पुन्हा जुना आकडा वाचाल. वेळ मोजायचीच तर पडद्याच्या रेषा मोजा. डीएफएफ००६ मध्ये चालू रेषेचा क्रमांक मिळतो. एक रेषा साधारण ६४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे पाच रेषा थांबलं की पुरे. पण खरं तर त्याचीही गरज नाही. सुरुवातीला एफएफ०० एकदाच लिहा आणि पहिलं वाचन पडदा पुढच्या वेळी रेखाटला जाईल तेव्हा करा. तोवर कपॅसिटर कधीच भरलेला असतो.

पॉटगोच्या शून्याव्या बिटात १ मात्र कधी लिहू नका. त्यानं पॅडलची मोजणी सुरू होते, आणि ती सुरू होताना पॉला सगळे कपॅसिटर मुद्दाम रिकामे करते.

---

मुळशीकर | सोमवार, सकाळी ७.५०

सगळं वाचलं. कंदील यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण मला एक मूलभूत प्रश्न पडलाय. टाकबोरू, तुमचा संपादक वर्कबेंचवरून, म्हणजे अमिगाच्या खिडक्या-चिन्हांच्या पडद्यावरून चालतो की फ्लॉपीवरून सुरू होऊन सगळं मशीन ताब्यात घेतो?

---

टाकबोरू | सोमवार, दुपारी १२.४०

वर्कबेंचवरूनच. फाइल उघडायची खिडकी, फॉन्टचा फोल्डर हे सगळं मला हवंय.

---

मुळशीकर | सोमवार, रात्री ८.१५

मग रजिस्टरना हात लावूच नका. खेळ लिहिणारे ऑपरेटिंग सिस्टिम बंद करून सगळं स्वतः चालवतात, त्यांच्यासाठी कंदील यांची वाट योग्य. तुमच्याकडे सिस्टिम जिवंत आहे, आणि माऊसच्या पोर्टवर तिचा आधीच ताबा आहे. तुम्ही पॉटगोमध्ये लिहिता तेव्हा तिच्या हातातल्या गोष्टीत ढवळाढवळ करता. त्या बिटांसाठी पॉटगो रिसोर्स नावाची सोय आहे. बिट आधी मागायचे, मिळाले तर लिहायचं, काम झालं की परत द्यायचे. जॉयस्टिकच्या पोर्टसाठी ती जरूर वापरा. माऊससाठी तीही लागत नाही.

कारण मधलं बटण सिस्टिमला माहीत आहे. डाव्याचा संकेत सोळाच्या पायात ६८, उजव्याचा ६९, मधल्याचा ६ए. सोडल्यावर त्यातच ८० मिळवायचे: ई८, ई९, ईए. तुमच्या खिडकीनं माऊसच्या बटणांचे संदेश मागितले की हे आकडे संदेशाच्या कोडमध्ये येतात. जुन्या हेडर फायलींत मधल्या बटणाला नाव नसेल तर आकडा थेट लिहा.

उजवं बटण पुसायला वापरताय, तर खिडकी उघडताना आरएमबीट्रॅप हा झेंडा लावा. नाहीतर इन्ट्यूशन, म्हणजे सिस्टिमचा खिडक्या-मेनू सांभाळणारा भाग, ते मेनूसाठी घेईल आणि तुमच्यापर्यंत काही येणार नाही.

आता सरकवण्याचं. ‘मधलं दाबलं’ आल्यावर सरकवणं सुरू, ‘सोडलं’ आल्यावर बंद, असं सरळ लिहू नका. बटण दाबलेलं असताना दुसरी खिडकी पुढे आली तर ‘सोडलं’चा संदेश तिच्याकडे जातो, आणि तुमचं चित्र बोट उचलल्यावरही सरकत राहतं. प्रत्येक संदेशात क्वालिफायर नावाचा एक शब्द असतो. त्यात सोळाच्या पायातला १००० हा बिट म्हणजे मधलं बटण या क्षणी दाबलेलं आहे. २००० उजवं, ४००० डावं. माऊस हलल्याचा संदेश येईल तेव्हा हा बिट तपासा. नसेल तर सरकवणं तिथेच थांबवा.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९.००

आमच्या शाळेत, पुण्यात, बीबीसी मायक्रो होते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवण्याच्या क्लास प्रकल्पातले. माऊस नव्हता, आम्ही बाणांच्या बटणांनी कासव फिरवायचो. पुढे केंब्रिजला नोकरीला आले तेव्हा बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या त्याच एकॉर्न कंपनीचा आर्किमिडीज पाहिला. १९८७ ची ही मशीन, आणि माऊसला तीन बटणं पहिल्यापासून.

त्यांनी बटणांना डावं-उजवं अशी नावं दिली नाहीत, कामाची नावं दिली: सिलेक्ट, मेनू, ॲडजस्ट. मधलं म्हणजे मेनू. पडद्यावर वर मेनूची पट्टीच नाही. जिथे बाण असेल तिथे मधलं दाबायचं, मेनू तिथेच उघडतो. बेसिकमध्येसुद्धा माऊस हा एकच शब्द लिहून तीन चलं दिली की आडवी जागा, उभी जागा आणि बटणं मिळतात. बटणांच्या आकड्यात १ म्हणजे ॲडजस्ट, २ मेनू, ४ सिलेक्ट. कपॅसिटर नाही, रिसोर्स नाही. बटण प्रत्येकाकडे असणारच हे धरून सगळी प्रणाली रचली, म्हणून प्रत्येक प्रोग्रामनं ते वापरलं.

---

सागरगोटा | सोमवार, रात्री १०.२५

पाटीपेन्सिल, फार छान. आता दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगतो: कमोडोर ६४ चा १३५१ माऊस. त्या पोर्टला माऊसची कल्पनाच नव्हती, म्हणून माऊसनं जॉयस्टिक आणि पॅडलचं रूप घेतलं. हालचाल एसआयडी या आवाजाच्या चिपच्या पॅडल-रजिस्टरांतून येते, डी४१९ आणि डी४१ए. ती रजिस्टरं दर ५१२ आवर्तनांनी ताजी होतात. डावं बटण म्हणजे जॉयस्टिकचं फायर. उजवं म्हणजे जॉयस्टिक ‘वर’ ढकलल्यासारखं.

आणि पहिल्या पोर्टच्या या तारा की-बोर्डशी सामाईक आहेत. त्यामुळे बेसिकच्या पडद्यावर माऊसचं डावं बटण दाबलं की स्पेस उमटते आणि उजवं दाबलं की १ हा आकडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला मशीन बिघडलंय असंच वाटतं.

---

शेवंती_नागपूर | मंगळवार, सकाळी ९.१५

चाकाचं काय? माझा भाचा कमोडोरच्या जुन्या पोर्टला आजचा चाकवाला माऊस जोडणारं अडॅप्टर वापरतो.

---

मुळशीकर | मंगळवार, सकाळी १०.००

अमिगावर चाकासाठी पिन नाही, म्हणून अडॅप्टरसोबत त्याचा ड्रायव्हर लागतो. त्यासाठी पुढे एक सर्वमान्य पद्धत रुळली, न्यूमाऊस नावाची. ड्रायव्हर चाकाची हालचाल की-बोर्डच्या कळेसारखी पाठवतो: वर ७ए, खाली ७बी, आडव्या चाकासाठी ७सी आणि ७डी, चौथ्या बटणासाठी ७ई. खऱ्या की-बोर्डवर या कळा नाहीत, त्यामुळे घोटाळा होत नाही. टाकबोरूंच्या प्रोग्रामनं कच्च्या कळांचे संदेश मागितले आणि ७ए, ७बी हे दोन आकडे ओळखले, की चाकानं चित्र लहानमोठं करता येईल. ड्रायव्हर नसेल तर ते संदेश येणार नाहीत, पण प्रोग्राम अडणारही नाही.

---

कंदील | मंगळवार, दुपारी २.३०

मुळशीकरांशी पूर्ण सहमत. वर्कबेंचवर चालणार आहे हे मी आधीच विचारायला हवं होतं. टाकबोरू, पॉटगोचा भाग काढून टाका, पण वेगळ्या फायलीत जपून ठेवा. पुढे कधी फ्लॉपीवरून थेट सुरू होणारं काही लिहिलंत तर तोच लागेल.

इम्युलेटरवर तपासणार असाल तर एक सांगतो. विनयूएईमध्ये, म्हणजे पीसीवर अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, पीसीचं मधलं बटण माऊस खिडकीतून सोडवण्यासाठी राखून ठेवायची सेटिंग असते. ती चालू असेल तर ते बटण अमिगापर्यंत जात नाही आणि तुम्ही नाहक स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसाल.

---

टाकबोरू | शुक्रवार, रात्री ११.४०

चार दिवस लागले, पण सगळं बदललं. हार्डवेअरला हात लावणारी एकही ओळ आता संपादकात नाही. ६ए आणि ईए व्यवस्थित येतात. दुसरी खिडकी मुद्दाम पुढे आणून पाहिली, क्वालिफायर तपासल्यामुळे सरकणं जागच्या जागी थांबतं. ही गोष्ट कोणी सांगितली नसती तर मला वर्षभर सापडली नसती.

दोन बटणांचा माऊस असलेल्यांचा विचार करून स्पेस दाबून डावं बटण ओढलं तरी चित्र सरकेल असं केलंय. मधलं बटण असेल तर सोय, नसेल तरी काम पूर्ण व्हायला हवं.

आज पहिल्यांदा ‘र्‍ह’ पूर्ण काढला. शिरोरेषेपासून खालच्या गाठीपर्यंत चित्र सरकवत, हात माऊसवरून न उचलता. उद्या ‘ळ’ घेतो. त्याच्या दोन्ही कड्या सोळा ठिपक्यांच्या रुंदीत बसवताना मधली फट बुजते आहे. कोणी छापखान्यात जुने खिळे पाहिले असतील तर लहान आकारात ती फट कशी राखत, ते सांगाल का?

---

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ७.२०

माझ्या आजोबांचा खिळ्यांचा छापखाना होता. लहान टायपात ते ‘ळ’ची डावी कडी किंचित लहान ठेवत. घरी एक जुनं नमुनापत्रक आहे. वेगळा धागा काढा, मी फोटो टाकते.